निमाताईंचा पिवळा त्रिकोण

खोली तयार झाली, रंग वाळला, दिवे लागले, की आमच्या कारखान्यातलं काम थोडा वेळ अडायचं. कारण निमाताई स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन त्या खोलीत जाऊन बसायच्या आणि आतून दार लावून घ्यायच्या. त्यांचा चहा संपेपर्यंत ती खोली ट्रेलरवर चढवायची कुणाची छाती नव्हती. एकदा मालक पाहुण्यांना कारखाना दाखवत होते, तेही बाहेर ताटकळले. पाहुण्यांनी विचारलं, आत काय चाललंय? मालक म्हणाले, "तपासणी." ते खोटं नव्हतं.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. आम्ही तयार खोल्या बनवतो. माझ्या शहापूरच्या शेजाऱ्यांना अजूनही वाटतं की मी पत्र्याच्या टपऱ्या विकतो. त्यांना समजावून मी थकलो. शेडमध्ये लोखंडी चौकट जोडायची, तिच्यावर जमीन बसवायची, मग दोन पत्र्यांच्या मधे फोम भरलेल्या जाड भिंती खाचेत सरकवायच्या. वायरिंग, खिडक्या, पंखे, फळा हवा असेल तर फळा, सगळं इथेच. मग अख्खी खोली क्रेनने उचलून ट्रेलरवर ठेवायची, हव्या त्या गावी न्यायची आणि तिथे आधीच बांधून ठेवलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवायची. इमारत मोठी असेल तर अशा खोल्या एकमेकींना चिकटवून बोल्टने आवळायच्या आणि मधल्या फटी बुजवायच्या. मी यात स्टोअर सांभाळतो. म्हणजे स्क्रू आणि बोल्ट देतो आणि बोलणी खातो. निमाताईंची माझी गाठ पडली ती याच देवाणघेवाणीत.

नाव निर्मला, राहणार धसई. ठेंगण्या, आडव्या बांध्याच्या, आवाज शेडच्या या टोकाहून त्या टोकाला पोचेल असा. साडीवर कारखान्याचं जाकीट आणि डोक्यावर हेल्मेट. अंबाड्यामुळे ते हेल्मेट डोक्यावर नीट बसायचं नाही, नुसतं तरंगायचं. सुरक्षा अधिकाऱ्यांनी एकदा अंबाडा खाली बांधायला सुचवलं. ताई म्हणाल्या, "साहेब, हेल्मेट तुमी दिलंत, अंबाडा मी आणलाय. माझं पहिलं." त्यानंतर त्यांना कुणी काही सुचवलं नाही.

नवीन होतो तेव्हा एकदा मला फटी बुजवायच्या सीलंटच्या नळ्यांसाठी त्यांची सही हवी होती. खोलीचं दार ढकललं तर आतून कडी. वाजवलं. आतून आवाज आला, "कोणे? माणूस राहतंय हितं."

दार उघडलं. प्लॅस्टिकच्या स्टुलावर बाई बसलेल्या, हातात पेला, बाकी खोली रिकामी.

"ताई, तुम्ही इथे काय करताय?"

"राहतेय," त्या म्हणाल्या. "बस. उभ्यानं बघितलं तर समदंच बरं दिसतं रे."

ती एका कंपनीच्या पहारेकऱ्याची केबिन होती. मला त्यांनी स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "गेट दिसतंय का?" दिसत नव्हतं. खिडकी इतकी वर होती की बसलेल्या माणसाला फक्त आभाळ दिसावं. नकाशात ती बरोबर होती, शेडमध्ये सगळ्यांनी ती उभ्याने पाहिली होती, मीही येता-जाता पाहिली होती. ताईंनी खिडकी खाली घ्यायला लावली. पुढे त्यांच्या चहाची चेष्टा करायचा हक्क मी सोडला नाही, पण सही घ्यायला गेलो की आधी खाली बसायचो.

चहाचं शास्त्र त्यांनी मला कधी नीट सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात फार नसावंही. चहा पिताना माणूस टेकतो, इकडेतिकडे बघतो, कंटाळतो. ऊन कुठून तोंडावर येतं, दार आपोआप मिटतं का, पंखा कुरकुरतो का, हे कंटाळल्याशिवाय लक्षात येत नाही. ताई मन लावून कंटाळायच्या.

खोली निघाली की गणपत, गावोगावी जाऊन खोल्या बसवणाऱ्या आमच्या फिटरांचा मुकादम, ट्रेलरपुढे नारळ फोडायचा. गणपत उंबरमाळीकडचा, हाडकुळा, कमी बोलणारा. ताई बौद्ध. त्या नारळाच्या वेळी बाजूला हाताची घडी घालून उभ्या राहायच्या, आणि खोबरं वाटायची वेळ झाली की सगळ्यांत पुढे. "नारळ तुमचा, खोबरं आमचं," असं म्हणून मोठा तुकडा उचलायच्या. गणपत दर वेळी एक मोठा तुकडा आधीच बाजूला काढून ठेवायचा आणि त्या हात पुढे करेपर्यंत गंभीर चेहऱ्याने दुसरीकडे बघायचा.

आता त्या त्रिकोणाबद्दल सांगायला हवं. आमच्या शेडची एक बाजू हायवेकडे उघडते आणि दुसरी डोंगराकडे. काम करताना कुणी डावं-उजवं म्हणत नसे, कारण समोरासमोर काम करणाऱ्या दोघांचं डावं-उजवं वेगळं. "हायवेची भिंत" आणि "डोंगराची भिंत" म्हटलं की भांडण मिटायचं. खोल्यांची दारं नेहमी डोंगराच्या बाजूला यायची, तिकडून उजेड चांगला यायचा म्हणून. खोली निघताना ती निळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतात, मग दार कुठल्या बाजूला हे बाहेरून समजत नाही. म्हणून ताई दाराच्या बाजूच्या खालच्या लोखंडी बीमवर, प्लॅस्टिकच्या खाली दिसेल असा, पिवळ्या रंगाने एक डोंगर काढायच्या. डोंगर म्हणजे त्रिकोण. भिवंडीला, वसईला, पनवेलला गेलेल्या खोल्यांवर तो होता. कधी काही बिघडलं नाही. तिकडे गणपतसोबत एखादा शेडमधला माणूस असायचा, आणि मुख्य म्हणजे तिकडे शेजारी डोंगर नसायचा.

ताईंचं खरं वैर होतं परागशी. पराग आमचा डिझाइनवाला, पुण्याहून आलेला, मऊ आवाजाचा मुलगा. त्याने आल्यावर एक बदल केला. पूर्वी दाराची भिंत वेगळ्या मापाची, खिडकीची वेगळ्या, कोरी वेगळ्या. त्याने सगळ्या एकाच मापाच्या केल्या. दाराचा तुकडा, खिडकीचा तुकडा, कोरा तुकडा, सगळ्यांची रुंदी एक. ताईंना ते मुळीच पटलं नाही.

"दाराला काय मान हाय की नाय?" त्या भर बैठकीत म्हणाल्या. "दार ते दार, भिंत ती भिंत. यानं समद्यांना जुळ्या बहिणी करून टाकलं."

पराग म्हणाला, "ताई, साठवायला सोपं पडतं."

"साठवणारा तो बसलाय," माझ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "त्याला काय, त्याला निजायला जागा मिळाली."

त्यानंतर वर्षभर जुळ्या बहिणींवरून परागचा छळ चालू होता. जेवणाच्या सुट्टीत दोन सारख्या पोळ्या दिसल्या तरी ताई म्हणायच्या, "ह्या परागच्या." तो बिचारा हसायचा. ताईंचं दुसरं एक होतं, की स्वतःची चूक त्यांना कधी सापडायची नाही. चुकून जास्त रंग मागवला तर "तसंच ठरलेलं". चुकीच्या बसमध्ये बसून सरळगावला उतरल्या तेव्हाही "तसंच ठरलेलं, तिथं काम होतं." कसलं काम, हे त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही.

मग शाळेचं काम आलं.

सिद्धगडाच्या पायथ्याला एक वाडी आहे. ठाकर आणि कोळ्यांची घरं जास्त, थोडी बौद्धांची. ताईंचं माहेर तिथलं, चौथीपर्यंत त्या तिथेच शिकलेल्या. त्या शाळेची मागची भिंत खचली आणि खोली धोक्याची म्हणून बंद झाली. पोरं एका घराच्या पडवीत बसायला लागली. पुढच्या वर्षी शाळा उघडेपर्यंत खोल्या झाल्या नाहीत तर पोरांना ओढ्यापलीकडच्या मोठ्या शाळेत जोडणार, असा वरून तोंडी निरोप आला होता. तसं झालं तर मुलगे कसेबसे जातील, मुली घरी बसतील, हे वाडीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. एका ट्रस्टने तयार खोल्या द्यायचं ठरवलं आणि ते काम आमच्याकडे आलं. ताईंनी एका रविवारी वाडीत जाऊन सगळ्या बायांसमोर सांगून टाकलं, "शाळा उघडायच्या आधी मी शाळा घेऊन येते." कारखान्यात कुणाला विचारलं नव्हतं. विचारण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता.

ते काम त्यांनी ज्या पद्धतीने केलं ते पाहून मला त्यांची थोडी भीती वाटू लागली. चार खोके, म्हणजे चार सुट्या खोल्या, होत्या. दोन-दोन जोडून एक वर्ग, असे दोन वर्ग. ताई प्रत्येक फळ्यासमोर बसून बघायच्या, मागच्या पोराला दिसतंय का. खिडक्यांच्या कडा हाताने चाचपायच्या, पोरांची बोटं चिमटतील म्हणून. सीलंट तर माझ्याकडून इतकं नेलं की मला वाटलं त्या घरी भाजीला वापरतात. आणि चेष्टा बंद. परागचीसुद्धा.

बसवायच्या दिवशी सकाळी तीन खोके घेऊन गणपतची टोळी पुढे गेली. चौथ्यात ताईंचा चहा व्हायचा होता. मी म्हटलं, "ताई, एक दिवस चहा राहू दे. तुम्ही त्यांच्याबरोबर जा." त्या म्हणाल्या, "तीन ठिकाणी बसले आणि चौथ्यात नाय, असं कसं?" आणि बसल्या. पंखा कुरकुरत होता, तो दुरुस्त झाल्यावरच उठल्या. चौथा ट्रेलर निघाला आणि मागून जीपमधून ताई, पराग आणि मी. गणपतच्या सोबत त्या दिवशी शेडमधलं कुणी नव्हतं.

ट्रेलर पुढे निघून गेला आणि आमची जीप चढावर दोनदा अडली, त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. वाडीतली सगळी माणसं पटांगणात जमली होती. ठोकळ्यांवर तीन खोके अगदी ओळंब्यात बसलेले, चौथा क्रेनने वरच्यावर उतरवून गणपतने बोल्ट आवळायला घेतले होते. लांबून शाळा झकास दिसत होती. पोरं निळं प्लॅस्टिक फाडून पळवत होती. ताई जीपमधून उतरल्या, पदर खोचला, हसत दोन पावलं पुढे गेल्या आणि थांबल्या.

बायांच्या घोळक्यातून त्यांची चुलती पुढे आली. "गो निमे," ती म्हणाली, "शाळेला दार कुठं हाय?"

पटांगणाच्या बाजूला दार नव्हतं. नुसती भिंत आणि खिडक्या. दारं मागच्या बाजूला होती, डोंगराकडे. मागे डोंगर उभा कापलेला, मधे एक माणूस आडवा चालेल एवढी फट. गणपतने बीमवरचा पिवळा डोंगर पाहिला, समोर खरा डोंगर पाहिला, आणि चारही खोके इमानदारीने डोंगराकडे तोंड करून बसवले. आमच्या खोल्या पहिल्यांदाच डोंगरापाशी आल्या होत्या.

क्रेनवाल्याला विचारलं, उचलून फिरवता येतील का? त्याने पटांगणावरून जाणारी विजेची तार दाखवली आणि कडेचं मोहाचं झाड दाखवलं. खोके एवढे सरळ उतरवले तेच नशीब, हवेत गोल फिरवायला जागा नाही, म्हणाला. त्याला उजेडात खाली उतरायचं होतं आणि दुसऱ्या दिवसापासून तो दुसरीकडे बांधलेला होता. परत कधी येईल याचा भरवसा नव्हता, आणि शाळा उघडायला आठवडाही राहिला नव्हता. शाळा बघायला आलेला ट्रस्टचा माणूस गणपतवर ओरडायला लागला. नकाशा बघितला नाहीस का, डोळे फुटले होते का. गणपत मान खाली घालून एवढंच म्हणाला, "डोंगर डोंगराकडं केला."

मला वाटलं, आता ताई म्हणणार, तसंच ठरलेलं. त्यांनी म्हटलं असतं तर मी रागावलोही नसतो.

"त्याला बोलू नका," ताई म्हणाल्या. आवाज इतका हळू की ट्रस्टच्या माणसाला आधी कोण बोललं ते कळलं नाही. "त्रिकोण माझा हाय. चुकलं माझं."

आणि त्या जुन्या शाळेच्या पायरीवर जाऊन बसल्या. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. मी पाण्याची बाटली दिली, ती तशीच हातात राहिली. त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं, कारण तो चेहरा माझ्याने बघवत नव्हता. चुलती शेजारी येऊन बसली. बायांना दिलेला शब्द कुणीच बोलून दाखवला नाही, आणि तेच सगळ्यांत वाईट होतं.

पराग कुठे गेला म्हणून मी बघितलं, तर तो मागच्या फटीत शिरला होता. पांढरा शर्ट लाल मातीने माखवून बाहेर आला. मग इकडून पटांगणाच्या बाजूची कोरी भिंत बोटांनी वाजवून बघितली, वरची पट्टी बघितली, आणि ताईंसमोर येऊन उकिडवा बसला.

"ताई," तो त्याच मऊ आवाजात म्हणाला, "सगळ्या भिंती जुळ्या बहिणी आहेत ना?"

ताईंनी वर पाहिलं.

"दाराचा तुकडा मागून काढू, इथे लावू. इथला कोरा मागे लावू. क्रेन लागत नाही. माणसं लागतील थोडी."

ताईंनी एकदा त्या कोऱ्या भिंतीकडे बघितलं. मग अशा उठल्या की मांडीवरचं हेल्मेट घरंगळत पटांगणात गेलं. "गणपत! वरच्या पट्टीचे स्क्रू सोड रे. अगो, बाया काय बघताय, माणसांना बोलवा!" आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. मोहाच्या झाडावरचे कावळे उडाले.

मागची फट अरुंद, त्यामुळे दाराचे तुकडे आतल्या बाजूने ओढून काढावे लागले. वाडीतली माणसं ते डोक्यावर घेऊन वर्गातून इकडे आली. कोरा तुकडा तिकडे गेला. दाराचा तुकडा इकडच्या खाचेत सरकला आणि अर्ध्यात अडला. गणपतने खालून लाकडी ठोकळ्याने एक ठोका दिला. तुकडा सर्रकन जागेवर गेला. मी आयुष्यात पुष्कळ स्क्रू दिले, पण त्या दिवशी पेटीतून स्क्रू काढून देताना एकाचीही सही मागितली नाही. अंधार पडायच्या आत दोन्ही वर्गांना पटांगणाकडे दारं होती. मी इतक्या मोठ्याने हुश्श केलं की शेजारची म्हातारी हसली. पडवीचा पत्रा साइटवरच लावायचा असतो, तो दुसऱ्या दिवशी दारांच्या डोक्यावर लागला.

गणपतने नारळ फोडला. ताईंनी मोठा तुकडा उचलला, बघितला, आणि परागच्या हातावर ठेवला.

एक गोष्ट मात्र उलटी राहिली. दिव्या-पंख्यांची बटणं जुन्या दाराशेजारी होती, वायरी भिंतीच्या पोटातून गेलेल्या. ती मागच्याच बाजूला राहिली. त्यामुळे त्या शाळेत आत आल्यावर पंखा लावायचा तर अख्खा वर्ग ओलांडून जावं लागतं. ते हलवायला येऊ, असं पराग म्हणाला होता. मग दुसरी कामं आली आणि तिथल्या शिक्षिका वाघबाईंनीही तगादा लावला नाही.

गेल्या वर्षी ताई निवृत्त झाल्या. निरोपाच्या सभेत त्यांनी भाषण केलं नाही, नव्या खोलीत बसून चहा घेतला आणि पेला मला देऊन टाकला. शेडमध्ये आता त्रिकोणाऐवजी पिवळ्या रंगात दार काढतात. ते चित्र ताईंनीच ठरवून दिलं. चहा आता गणपत पितो, पण त्याला ताईंसारखं कंटाळता येत नाही.

मध्यंतरी एका कामाला त्या बाजूला गेलो होतो, तर धसईच्या स्टँडवर ताई भेटल्या. म्हणाल्या, "चल, वाडीत जायचंय." पिशवीत थिनरची बाटली आणि चिंध्या होत्या. मी विचारलं, हे कशाला? "तो त्रिकोण अजून बीमवर हाय. पुसून टाकते. पोरांनी कशाला बघावी माझी चूक."

शाळा भरलेली होती. पाढ्यांचा आवाज पटांगणापर्यंत येत होता. पुढच्या रांगेत मुलीच मुली. ताई सरळ मागच्या फटीत गेल्या. बराच वेळ झाला तरी येईनात म्हणून मी डोकावलो. पोरांनी त्रिकोणाच्या वर भिंतीवर खडूने सूर्य काढला होता. त्रिकोणाच्या दोन्ही बाजूंना आणखी डोंगर, एक नदी, थोडी घरं, आणि प्रत्येक घराला मोठं दार. ताई चिंधी हातात धरून उभ्या होत्या. चिंधी कोरडी होती.

"पुसताय ना?" मी म्हटलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "हितं डोंगरच पाहिजे होता. तसंच ठरलेलं."

परत पुढे आलो तर वाघबाईंनी चहा करून ठेवला होता. ताईंना खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. दारातून आत गेल्या आणि पोरांच्या शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून, खाली फरशीवर बसल्या. पेला दोन्ही हातांत. समोर फळा, फळ्यावर सातचा पाढा. मला मुरबाडची बस गाठायची होती. मी दारातूनच हात केला.

"जातोस? बरं," त्या म्हणाल्या. "जाता जाता तेवढा पंखा लाव रे."

मी चपला काढल्या आणि पोरांच्या रांगांमधून वाट काढत, अख्खा वर्ग ओलांडून पलीकडच्या भिंतीपर्यंत गेलो. सगळी पोरं माना वळवून हसत होती. त्यांना ही वाट रोजची होती. बटण दाबलं. पंखा फिरायला लागला, आणि ताईंनी मान वर करून, तो कुरकुरतो का, ते ऐकलं.